चेहऱ्याची नस: स्कॅन कधी, कोणता आणि कशासाठी

पावसाळा सरता सरता ‘तोंड वाकडं झालं’ या एकाच तक्रारीची बरीच पत्रं जमली. बहुतेकांचा प्रश्न एकच आहे: एमआरआय करायचा की नाही? उत्तर मात्र प्रत्येकाचं वेगळं आहे. म्हणून पत्रं थोडक्यात छापून, कान-नाक-घसा आणि रेडिओलॉजी अशा दोन्ही बाजूंनी पाहून उत्तरं देत आहोत. ज्यांची पत्रं तातडीची होती, त्यांना अंकाची वाट न बघता आधीच कळवलं आहे.

प्रश्न: माझे पती 42 वर्षांचे आहेत. परवा सकाळी चूळ भरताना पाणी ओठाच्या कोपऱ्यातून गळू लागलं, डावा डोळाही मिटेना. सासूबाई म्हणतात, रात्री पंख्याचं वारं लागलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण स्कॅन नको म्हणाले. हे दुर्लक्ष तर नाही ना? (फोंडा)

नाही. डॉक्टरांनी तपासून तसं सांगितलं असेल तर ते बरोबरच आहे.

आधी त्यांना कपाळाला आठ्या घालायला सांगा. डाव्या बाजूला आठी पडत नसेल, डोळा मिटत नसेल आणि ओठही ओढला गेला असेल, तर चेहऱ्याची अख्खी बाजू गेली आहे. म्हणजे दोष मेंदूतून बाहेर पडलेल्या नसेत आहे. कपाळ नीट हलतं आणि फक्त तोंड वाकडं आहे, तर अर्धांगवायूची शंका घ्यावी लागते, कारण कपाळाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. तसं असेल, किंवा हाता-पायात अशक्तपणा, बोबडं बोलणं, दोन-दोन दिसणं, तोल जाणं यांपैकी काहीही असेल, तर कपाळाकडेही बघत बसू नका. 108 ला फोन करा. इस्पितळात लगेच सीटी लागतो, कारण गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं.

तुमच्या वर्णनावरून हा बेल्स पाल्सी वाटतो. दोन-तीन दिवसांत वाढत जाऊन पूर्ण होणारा, एकाच बाजूचा, दुसरं काही कारण न सापडणारा चेहऱ्याचा लकवा. कवटीच्या हाडात या नसेसाठी एक बोगदा आहे आणि तो सुरुवातीलाच सर्वांत अरुंद, जेमतेम पाऊण मिलिमीटरचा आहे. नस सुजली की तिथे आवळली जाते. सूज बहुधा शरीरात आधीपासून दबून असलेल्या नागिणीच्या जातीच्या विषाणूमुळे येते. पंख्याला दोष देऊ नका.

अशा वेळी एमआरआय केला तर नस ‘उजळलेली’ दिसेल. ते आपल्याला आधीच ठाऊक आहे, आणि त्यावरून औषध बदलत नाही. फरक पडतो तो पहिल्या 72 तासांत सुरू केलेल्या स्टेरॉइडने. प्रौढांसाठी प्रेडनिसोलोन दिवसाला 50 मिलिग्रॅम असं 10 दिवस, किंवा 60 मिलिग्रॅम 5 दिवस आणि पुढे रोज 10 ने कमी, अशी मात्रा रूढ आहे. मधुमेह असेल तर साखर वाढणार, हे डॉक्टरांना आधी सांगा. स्कॅनची तारीख मिळेपर्यंत गोळ्या लांबवणं ही आम्हाला वरचेवर दिसणारी चूक आहे, आणि ती महागात पडते.

डोळा जपा. दिवसा दर तासा-दोन तासांनी अश्रूंसारखे थेंब, रात्री मलम लावून पापणी मिटवून वर कागदी चिकटपट्टी. डोळा लाल झाला किंवा दुखला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सुधारणेची पहिली खूण बहुतेकांना दिसते. तीन महिन्यांत चेहरा पूर्ववत झाला नाही, तर मात्र स्कॅन हवाच.

प्रश्न: माझ्या आईचं (वय 58) तोंड पाच महिन्यांपूर्वी हळूहळू, महिनाभरात वाकडं होत गेलं. काहीच सुधारणा नाही. मेंदूचा एमआरआय केला, रिपोर्ट ‘नॉर्मल’. आता फिजिओथेरपीच करत राहा म्हणतात. पुन्हा स्कॅन करण्यात अर्थ आहे का? (म्हापसा)

आहे, आणि तो लवकर व्हायला हवा. तुमच्या पत्रातला ‘हळूहळू, महिनाभरात’ हा तपशील सर्वांत महत्त्वाचा आहे. बेल्स पाल्सी असा येत नाही. आठवड्या-आठवड्यांनी वाढत जाणारा लकवा हा गाठीचा असू शकतो. तो नाही हे सिद्ध होईपर्यंत तसंच धरून चालावं.

मग पहिला एमआरआय नॉर्मल कसा? कारण तो मेंदूचा होता. चेहऱ्याची नस मेंदूच्या देठातून निघते, कानाच्या आतल्या नळीतून जाते, हाडातल्या सुमारे 3 सेंटीमीटरच्या बोगद्यात दोन वळणं घेते, कानामागच्या एका छिद्रातून खाली उतरते आणि पॅरोटिड या कानापुढच्या लाळग्रंथीत शिरून पाच फांद्यांत पसरते. नेहमीच्या मेंदूच्या स्कॅनमध्ये काप साधारण 5 मिलिमीटर जाडीचे असतात. नस स्वतः एक-दीड मिलिमीटरची, तेव्हा ती दोन कापांच्या मध्ये सहज हरवते. शिवाय हा स्कॅन कवटीच्या तळाशी संपतो. पॅरोटिड त्याच्याही खाली. म्हणजे नसेची अर्धी वाट कुणी बघितलेलीच नाही, आणि रिपोर्ट मात्र खोटा नाही: मेंदू खरंच नॉर्मल आहे.

म्हणून डॉक्टरांकडून स्कॅनच्या चिठ्ठीवर नेमकं लिहून घ्या. ‘एमआरआय ब्रेन’ एवढंच नको. ‘चेहऱ्याच्या नसेसाठी एमआरआय, कॉन्ट्रास्टसह, मेंदूच्या देठापासून जबड्याच्या खालच्या कडेपर्यंत, दोन्ही पॅरोटिडसह’ असं हवं (कॉन्ट्रास्ट म्हणजे बिघडलेला भाग उजळून दाखवणारं इंजेक्शन). त्याखाली बाजू, किती महिने, हळूहळू वाढला की एकदम, चेहऱ्याच्या कुठल्या भागात जास्त, ऐकू कमी येतं का, आणि पूर्वी चेहऱ्यावरची किंवा टाळूवरची एखादी गाठ, न भरणारी जखम काढली होती का. हा शेवटचा प्रश्न लोकांना फालतू वाटतो. पण दहा वर्षांपूर्वी गालावरून काढलेल्या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी नसेच्या आवरणातून आत-आत सरकत जाऊ शकतात, आणि लकवा हीच त्यांची पहिली खूण असू शकते. लाळग्रंथीचे काही कर्करोगही असेच नसेच्या वाटेने प्रवास करतात आणि मध्येच जागा सोडून पुढे उगवतात. म्हणूनच सगळी वाट बघायची.

स्कॅनमध्ये काय असावं, हेही सांगतो. टी-2 प्रकारची त्रिमितीय, अर्ध्या-पाऊण मिलिमीटर कापांची मालिका: तिच्यात पाणी पांढरं आणि नस काळ्या दोऱ्यासारखी दिसते. मग इंजेक्शनच्या आधीची साधी टी-1 मालिका, चरबीचा पांढरेपणा न दाबता घेतलेली. ही वेळ वाचवण्यासाठी पुष्कळदा गाळली जाते आणि आमच्या मते तिथेच चूक होते. कानामागे नस जिथे हाडाबाहेर येते तिथे चरबीची एक छोटी गादी असते, टी-1 मध्ये ती शुभ्र दिसते. एका बाजूची गादी करडी झाली असेल तर तिथे काहीतरी घुसलं आहे. गाठ सापडण्याआधी कधीकधी हा पुरावा सापडतो. शेवटी गॅडोलिनियम या कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन आणि चरबीचा पांढरेपणा दाबून घेतलेली टी-1. नेहमीची मात्रा किलोमागे 0.1 मिलिमोल, म्हणजे बहुतेक प्रचलित द्रावणांची किलोमागे 0.2 मिलिलिटर. 60 किलोच्या व्यक्तीला 12 मिलिलिटर. सगळं मिळून अर्धा ते पाऊण तास लागतो. यासाठी 1.5 टेस्लाचं यंत्र पुरतं (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). 3 टेस्ला असेल तर बरं, पण त्यासाठी दोन महिने थांबू नका.

आईंची कवळी असेल तर ती काढून ठेवायची. पक्के धातूचे दात असतील तर आधीच सांगा. त्यांच्याभोवती चित्र विस्कटतं आणि नेमकी पॅरोटिडची बाजू काळवंडते. तंत्रज्ञाला आधी ठाऊक असेल तर तो मालिका बदलून घेऊ शकतो.

जुन्या स्कॅनची सीडी बरोबर न्या, नुसता रिपोर्ट नको. आणि हेही लक्षात ठेवा: हा नीट केलेला स्कॅनसुद्धा नॉर्मल आला आणि चेहरा तसाच राहिला, तर सहा-सात महिन्यांच्या सुमारास पुन्हा करावा लागतो. नसेत पसरणारा रोग आधी इतका बारीक असतो की दिसत नाही. दरम्यान कान-नाक-घसा तज्ज्ञांनी पॅरोटिड हाताने चाचपून बघावी, तोंडाच्या आतूनही. वेळेचं भान एवढ्यासाठी की हुकूम न मिळालेले चेहऱ्याचे स्नायू वर्ष-दीड वर्षात सुकत जातात. त्यानंतर नस जोडण्याच्या शस्त्रक्रियेचा उपयोग फार कमी होतो. फिजिओथेरपी चालू ठेवा, पण कारण शोधण्याच्या बदल्यात नव्हे.

प्रश्न: माझ्या रिपोर्टमध्ये ‘जेनिक्युलेट गँग्लियन आणि टिंपॅनिक भाग कॉन्ट्रास्टने उजळतो’ असं लिहिलंय. इंटरनेटवर शोधलं तर ट्यूमर दिसतो. झोप उडाली आहे. (मडगाव)

झोपा निवांत. नसेच्या या दोन भागांभोवती, आणि कानामागून उतरणाऱ्या भागाभोवतीही, बारीक शिरांचं जाळं असतं. निरोगी माणसातही ते उजळतं, आणि दोन्ही बाजूंना थोडं कमी-जास्तही असू शकतं. एरवी जे उजळत नाहीत ते भाग दोन: कानाच्या आतल्या नळीतला, आणि त्यापुढचा बोगद्याचा अरुंद तुकडा. ते गुळगुळीत, दोऱ्यासारखे उजळले तर सूज. बेल्स पाल्सीत हे बरं झाल्यावरही काही महिने दिसू शकतं. गाठीसारखं फुगून उजळलं, किंवा बोगदा रुंदावला असेल, तर पुढचा तपास. रिपोर्टमध्ये ‘गाठ’ किंवा ‘जाडी वाढली’ असा शब्द आहे का तेवढं बघा. नसेल तर तो दाखवून डॉक्टरांकडून शंका मिटवून घ्या.

प्रश्न: मुलगा (वय 23) ओल्या रस्त्यावर स्कूटरवरून घसरला. कानातून रक्त आलं. सीटी ब्रेन ‘रक्तस्राव नाही’ असा आला. तिसऱ्या दिवशी चेहरा वाकडा झाल्याचं लक्षात आलं. (डिचोली)

कानातून रक्त म्हणजे कानाचं हाड, टेम्पोरल बोन, मोडलं असण्याची दाट शक्यता. सीटी ब्रेनचा प्रश्न होता ‘मेंदूत रक्त आहे का’, आणि त्याचं उत्तर तुम्हाला मिळालं. हाडासाठी वेगळा सीटी लागतो: टेम्पोरल बोनचा हाय रिझोल्यूशन सीटी, 0.6 मिलिमीटरच्या आसपासचे काप, हाडाच्या खास फिल्टरवर. कॉन्ट्रास्ट लागत नाही.

मात्र नवा सीटी करण्याआधी जिथे पहिला केला तिथे विचारा. पुष्कळ यंत्रांत बारीक कापांची मूळ माहिती काही दिवस साठवलेली असते. ती असेल तर तिच्यातूनच हाडाचे काप पुन्हा तयार करता येतात आणि नव्या किरणांची गरज उरत नाही. काही दिवसांनी ती पुसली जाते, म्हणून उद्या नको, आज विचारा.

रेडिओलॉजिस्टला विचारायचे प्रश्न: मोडलेली रेघ नसेच्या बोगद्यातून जाते का, विशेषतः पहिल्या वळणाजवळ, कारण तिथेच ती जास्त सापडते. बोगद्यात हाडाचा तुकडा शिरलाय का? आतला कान फुटलाय का, ऐकण्याच्या हाडांची साखळी सुटलीये का? हाड मोडलं म्हणून नस तुटलीच असं नाही, आणि सीटीत नस दिसत नाही, तिचं घर दिसतं.

पुढचा निर्णय एका गोष्टीवर लटकतो: लकवा पडल्याक्षणी आला की नंतर? पहिल्या दिवशी चेहरा हलत होता हे कुणी खात्रीने पाहिलं असेल तर नस अखंड आहे, सुजली आहे. अशांपैकी बहुतेक जण स्टेरॉइडने आणि वाट पाहून बरे होतात. अपघाताच्या वेळीच पूर्ण लकवा असेल तर चौथ्या ते चौदाव्या दिवसादरम्यान विजेची तपासणी, म्हणजे इलेक्ट्रोन्यूरोनोग्राफी, करून घेतात. त्याआधी ती फसवते, कारण तुटलेल्या नसेचा पुढचा तुकडाही पहिले दोन-तीन दिवस विजेला प्रतिसाद देत राहतो. 90 टक्क्यांपेक्षा जास्त तंतू गेलेले दिसले तर शस्त्रक्रियेचा विचार. इस्पितळात बेशुद्ध किंवा गुंगीतल्या रुग्णाचा चेहरा कुणी हलवून बघत नाही, आणि मग हा एकच प्रश्न कायमचा अनुत्तरित राहतो. तुमच्याकडे पहिल्या दिवसाचा मोबाइलवरचा एखादा व्हिडिओ असेल तर तो डॉक्टरांना दाखवा. तो आज सीटीइतकाच मोलाचा आहे.

कानात कापूस कोंबू नका, थेंब घालू नका. कानातून किंवा नाकातून पाण्यासारखं पातळ येत असेल तर ते मेंदूभोवतीचं पाणी असू शकतं. तडक बांबोळीला गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात) न्या.

प्रश्न: वडील 70 वर्षांचे, वीस वर्षांचा मधुमेह. महिनाभर कान ठणकतो, रात्री जास्त, थोडा पू येतो. थेंब चालू आहेत. या आठवड्यात त्याच बाजूचं तोंड वाकडं झालं. वय झालं, वारं गेलं असेल, असं सगळे म्हणतात. (सांगे)

या पत्राने आम्हाला सर्वांत जास्त काळजी वाटली. हे वारं नाही. मधुमेही माणसाचा रात्री ठणकणारा कान, पू आणि त्यावर लकवा म्हणजे कानाच्या नळीतला जंतुसंसर्ग कवटीच्या तळाच्या हाडात उतरल्याची शंका. नाव ‘मॅलिग्नंट ऑटायटिस एक्सटर्ना’, पण तो कर्करोग नव्हे. बहुतेकदा स्यूडोमोनास नावाचा जिवाणू असतो, कधी बुरशी. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, 26.4 टक्के. तेव्हा कानाचा हा आजार आपल्याकडे प्रत्येक घराने ओळखायला हवा.

इथे दोन्ही चित्रं लागतात. सीटीत हाड खाल्लेलं दिसतं, पण हाडातले बरेच क्षार गेल्याखेरीज ते दिसत नाही. म्हणून सुरुवातीचा सीटी स्वच्छ आला तरी रोग नाही असं म्हणू नये. एमआरआयमध्ये कवटीच्या तळाखालची चरबी आणि हाडाचा मगज बिघडलेला आधी दिसतो, आणि नस कुठे अडकली तेही कळतं. सोबत ईएसआर ही शरीरातली सूज मोजणारी रक्ततपासणी, पुवाचं कल्चर (म्हणजे जंतू वाढवून ओळखणं), आणि नळीतल्या मांसाचा तुकडा बायोप्सीला. कारण कानाच्या नळीचा खरा कर्करोग हुबेहूब असाच दिसतो. कल्चरआधी पुष्कळ प्रतिजैविकं झाली तर जंतू सापडत नाही. ही चूक फार वेळा होते. उपचार किमान सहा आठवड्यांचे. वेदना गेल्या म्हणून थांबवायचे नाहीत, आणि एमआरआयवर बदल उरलेत म्हणून घाबरायचंही नाही. मगजातले बदल रोग गेल्यावरही महिनोन्‌महिने राहतात. थांबण्याचा निर्णय वेदना, ईएसआर आणि शक्य असेल तिथे गॅलियम स्कॅन, म्हणजे किरणोत्सारी द्रव्य देऊन संसर्ग कुठे उरलाय ते दाखवणारा स्कॅन, पाहून घेतात.

इतक्या वर्षांच्या मधुमेहात मूत्रपिंड थकलेलं असू शकतं. स्कॅनआधी रक्तातलं क्रिएटिनिन आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळण्याच्या वेगाचा अंदाज, लागेल. तो 30 च्या खाली असेल तर गॅडोटेरेट किंवा गॅडोब्युट्रॉलसारखं स्थिर, वलयाकार रचनेचं गॅडोलिनियम वापरतात. जुन्या, सरळ साखळीच्या काही द्रावणांनी अशा रुग्णांत त्वचा आणि अवयव ताठरण्याचा आजार झालेला आहे, म्हणून नाव विचारून घ्या.

प्रश्न: जहाजदुरुस्तीच्या यार्डात ग्राइंडिंगचं काम करतो. वर्षभर उजवी पापणी फडफडते, आता गाल आणि ओठाचा कोपराही ओढतो, झोपेतसुद्धा. शेजारी म्हणतात, उजवा डोळा लवणं शुभ. (वास्को)

नुसती पापणी लवणं जागरणाने, चहा-कॉफीने होतं आणि आपोआप जातं. त्याला स्कॅन नको. पण पापणीपासून सुरू होऊन खाली उतरणारं, झोपेतही न थांबणारं ओढणं म्हणजे हेमिफेशियल स्पाझम. मेंदूच्या देठातून नस बाहेर पडते त्या जागी बहुधा एखादी धमनी तिच्यावर टेकून ठोके देत असते. त्यासाठी वर सांगितलेली टी-2 ची बारीक मालिका आणि सोबत रक्तवाहिन्यांची ‘टाइम ऑफ फ्लाइट’ मालिका. दोन्ही एकावर एक ठेवून बघतात. कॉन्ट्रास्ट एकदा द्यावा, क्वचित सापडणारी गाठ चुकू नये म्हणून. धमनी नसेला टेकलेली काही निरोगी लोकांतही दिसते, त्यामुळे चित्र लक्षणांशी जुळवूनच वाचायचं. उपचार: दर तीन-चार महिन्यांनी स्नायू सैल करणारं बोट्युलिनमचं इंजेक्शन, किंवा धमनी आणि नस यांच्यात गादी ठेवण्याची शस्त्रक्रिया.

तुमच्यासाठी एक गोष्ट सर्वांआधी. ग्राइंडिंगचा कीस कधी डोळ्यात गेला होता का? गेला असेल, शंका असेल, तरी एमआरआयच्या आधी डोळ्यांच्या खोबणीचा साधा एक्स-रे काढायलाच हवा. लोखंडाचा बारीक कणही चुंबकात हलतो आणि दृष्टी घालवू शकतो. प्रवेशाच्या फॉर्मवर हा प्रश्न असतो. घाईत ‘नाही’ वर खूण करू नका.

प्रश्न: आठवा महिना चालू आहे आणि तोंड वाकडं झालंय. स्कॅनमुळे बाळाला धोका? (काणकोण)

शेवटच्या तिमाहीत बेल्स पाल्सी इतर वेळेपेक्षा जास्त होतो. तपासणीवरूनच निदान होतं, स्कॅन सहसा लागत नाही. लागलाच तर कॉन्ट्रास्टशिवाय एमआरआय करता येतो. गॅडोलिनियम टाळतात. आज मात्र रक्तदाब मोजा आणि लघवीतली प्रथिनं तपासा. या दिवसांतल्या लकव्याबरोबर गर्भावस्थेतला वाढलेला रक्तदाब आढळतो, आणि डोकेदुखी, सूज असेल तर तेच अधिक तातडीचं आहे. स्टेरॉइडचा निर्णय तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना बरोबर घेऊन.

प्रश्न: स्वस्तात सोनोग्राफीने काम भागेल का? (पेडणे)

पॅरोटिडमध्ये हाताला गाठ लागत असेल तर सोनोग्राफी हीच पहिली पायरी, आणि तिच्या मदतीने सुईने पेशीही घेता येतात. पण ग्रंथीचा खोल भाग जबड्याच्या हाडाआड लपतो आणि हाडाच्या बोगद्यात ध्वनिलहरी पोचतच नाहीत. गाठ वरवरची असेल तर भागेल. हळूहळू वाढणाऱ्या लकव्यात सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून थांबू नका. सुईच्या तपासणीत काही निघालं नाही पण गाठ आणि लकवा दोन्ही आहेत, तर सुई पुन्हा घालायला सांगा, दुसऱ्या जागी.